‘स्टॉकर’ : वाया गेलेली फिल्म आणि बाजूला केलेला छायाचित्रकार

बाजवाडाकर

जगबुडीनंतरचं जग दाखवणाऱ्या सिनेमांच्या धाग्यावर परवा सोव्हिएत दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’चं नाव निघालं आणि लगेच दोन गोष्टी सांगून झाल्या. एक, शूट केलेला सगळा सिनेमा लॅबमध्ये खराब झाला म्हणून तो पुन्हा करावा लागला. दोन, त्या शूटिंगपायी माणसं कॅन्सरने गेली. दोन्ही गोष्टी दंतकथेसारख्या सांगितल्या जातात आणि शेवटी ‘पण बघा, किती महान कलाकृती झाली’ असं म्हणून विषय मिटतो. मला तो असा मिटवायचा नाहीये. तिकडे अवांतर झालं असतं, म्हणून वेगळा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुठल्याशा देशात काहीतरी घडून गेलंय, उल्का पडली की परग्रहावरचे कोणी येऊन गेले, कोणालाच माहीत नाही. तपासाला पाठवलेलं सैन्य परतलं नाही. मग त्या भागाला, म्हणजे ‘झोन’ला, काटेरी तारा आणि पहारा. झोनच्या मध्यभागी एक खोली आहे आणि तिथे माणसाची मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी होते असं म्हणतात. एक लेखक आणि एक प्राध्यापक चोरवाटेने तिकडे निघतात. त्यांना नेणारा वाटाड्या तो स्टॉकर. बाहेरचं जग मातकट तपकिरी आणि झोन हिरवागार, रंगीत. जवळजवळ पावणेतीन तासांच्या सिनेमात दीडशेपेक्षाही कमी शॉट आहेत.

आता निर्मितीकडे. शूटिंग व्हायचं होतं ताजिकिस्तानात, इस्फाराच्या परिसरात. कोरडा, उजाड मुलूख. १९७७च्या सुरुवातीला तिथे भूकंप झाला आणि तो बेत मोडला. शोधत शोधत मंडळी पोचली एस्टोनियात, टॅलिनजवळ यागाला नदीवरच्या पडक्या जलविद्युत केंद्रांपाशी. म्हणजे वाळवंटातला सिनेमा ओल्या गवतात आणि साचलेल्या पाण्यात आला. आज आपण झोन म्हणून जे ओळखतो ते या बदलातून आलंय.

छायाचित्रकार होते गिओर्गी रेरबर्ग. १९७५चा ‘मिरर’ त्यांनीच शूट केला होता. त्या उन्हाळ्यात बाहेरच्या दृश्यांचं मोठं काम उरकलं. फिल्म होती कोडॅकची ५२४७, तिकडे तेव्हा नवी. मॉस्कोच्या लॅबमधून धुऊन आली ती वापरण्याच्या लायकीची नव्हती. चूक लॅबची, फिल्मच्या साठ्याची, की छायाचित्रणाची, यावर संबंधितांनी आयुष्यभर वेगवेगळं सांगितलं. तार्कोव्हस्कीने मात्र दोष रेरबर्गवर ठेवला आणि त्यांना काढून टाकलं. मग लिओनिद कलाश्निकोव आले, तेही थोड्या काळात गेले. शेवटी अलेक्सांद्र क्न्याझिन्स्की आले आणि आज श्रेयनामावलीत त्यांचं नाव आहे. सेटचं डिझाइनही अखेरीस तार्कोव्हस्कीने स्वतःच्या नावावर घेतलं. १९७८च्या एप्रिलमध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. दोन भागांचा चित्रपट म्हणून नव्याने पैसे मंजूर करून घेतले होते, त्यातून त्या उन्हाळ्यात सिनेमा पुन्हा उभा राहिला.

माझं म्हणणं पुढे आहे. फिल्म वाया गेल्यावर तार्कोव्हस्कीने तोच सिनेमा पुन्हा काढला नाही. पहिल्या पटकथेतला स्टॉकर दांडगट होता, गुन्हेगारी वळणाचा. दुसऱ्यातला स्टॉकर खचलेला, श्रद्धाळू, जवळजवळ वेडा म्हणावा असा माणूस. पटकथा लिहिणारे स्त्रुगात्स्की बंधू. त्यांतल्या बोरीसनी लिहून ठेवलंय की दिग्दर्शकाला नक्की काय हवंय ते सांगता येत नव्हतं, पण जुना स्टॉकर नको हे पक्कं होतं. म्हणजे त्याचा स्वतःच्याच सिनेमावरचा विश्वास आधी उडाला होता. लॅबच्या अपघाताने त्याला मागे फिरायची संधी दिली आणि त्याची किंमत रेरबर्ग यांच्या नावाने चुकती झाली. सिनेमा मला प्राणापलीकडे आवडतो. म्हणूनच हा हिशेब झाकलेला मला बघवत नाही.

अर्धविराम

छान लिहिलंय. प्रामाणिक प्रश्न: याला जगबुडीनंतरचा सिनेमा म्हणायचं का? शहर आहे, दारूचा गुत्ता आहे, पोलीस आहेत, आगगाडी आहे. जग बुडालेलं कुठे दिसतं? मी पहिल्या अर्ध्या तासात सोडून दिला होता, पण हे वाचून पुन्हा लावावासा वाटतोय. कुठे मिळेल?

पुस्तकवेडी

@अर्धविराम, पुस्तकातून आलात तर हा प्रश्न पडणार नाही. स्त्रुगात्स्कींच्या ‘रोडसाइड पिकनिक’मध्ये (१९७२) कल्पनाच अशी की कोणीतरी परके येऊन गेले, माणसांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि सहलीला आलेले लोक रस्त्याकडेला कचरा टाकून जातात तसं मागे सामान राहिलं. त्या कचऱ्यावर माणसं जगतात, मरतात, धंदा करतात. जग एका झटक्यात संपत नाही, त्याचं माणसाभोवती फिरणं संपतं. माझ्या मते ती जास्त मोठी जगबुडी.

कादंबरीतला नायक रेड्रिक शूहार्ट चोरटा माल बाहेर काढणारा, मारामारी करणारा, दारू पिणारा. बाजवाडाकरांनी पहिल्या पटकथेतला जो दांडगट स्टॉकर सांगितला तो याचाच भाऊ. लेखक आणि प्राध्यापक कादंबरीत नाहीतच. यंत्रं, चमत्कारिक वस्तू, झोनमधले जीवघेणे सापळे, सगळं तार्कोव्हस्कीने एकेक करून काढून टाकलं. उरलं काय, तर बोल्टच्या लोखंडी चाकीला पांढरी चिंधी बांधून पुढे फेकायची आणि ती पडली तिथवर चालत जायचं. वाटेत धोका आहे हे तेवढ्यावरून आपल्याला पटतं, प्रत्यक्षात एकही सापळा दिसत नाही. मला हा कादंबरीवरचा अन्याय वाटत नाही. दोन्ही भावंडांनी पटकथेचे कित्येक खर्डे लिहून दिले आणि शेवटी स्वतःची कादंबरी मोडायला मदत केली. लेखकाच्या अंगी एवढं औदार्य क्वचित असतं.

रावपुऱ्याचा फिल्मवाला

लॅबबद्दल लिहितो, कारण माझी उमेदीची वर्षं वडोदऱ्यात, रावपुऱ्यातल्या कलर लॅबमध्ये गेली.

आमच्याकडे साधे स्टिल कॅमेऱ्याचे रोल, सी-४१ प्रोसेस. डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. पाव अंशाने इकडे तिकडे झालं तरी चेहऱ्यांचे रंग बदलतात. सकाळी मशीन तापलं की आधी कंट्रोल स्ट्रिप सोडायची. ही कंपनीनेच ठरावीक उजेड देऊन पाठवलेली फिल्मची पट्टी, फ्रीझरमध्ये ठेवायची असते. ती बाहेर आली की डेन्सिटोमीटरखाली (रंगाची गडदता मोजणारं यंत्र) धरायची, लाल-हिरवा-निळ्याचे आकडे भिंतीवरच्या तक्त्यात मांडायचे. रेघ मर्यादेबाहेर गेली तर गिऱ्हाईक कितीही ओरडो, एकही रोल आत जाणार नाही.

५२४७ ही सिनेमाची निगेटिव्ह. तिची प्रोसेस ईसीएन-२, डेव्हलपर ४१ अंशांच्या आसपास, आधीच्या सिनेमा-प्रोसेसपेक्षा कितीतरी गरम. शिवाय पाठीवर काळ्या काजळीचा थर असतो, तो आधी धुऊन काढावा लागतो. म्हणजे नवी फिल्म आणली की मशीन, रसायनं, पाण्याचं तापमान, माणसांचा हात, सगळं नव्याने बसवायचं. देशी फिल्मवर चालणाऱ्या लॅबमध्ये हे घाईत जमणारं काम नाही. तिथल्या ऑपरेटरला दोष देण्याआधी त्याच्या हातात काय दिलं होतं ते विचारायला हवं.

पण एक गोष्ट मला खटकते. एवढं शूटिंग होईपर्यंत कळलं कसं नाही? चाचणीचा तुकडा आधी धुऊन बघतात, मग पुढचं शूट करतात. रशेस, म्हणजे रोजच्या शूटिंगची धुऊन आलेली फिल्म, वेळेवर बघितल्या असत्या तर थोडक्यात निभावलं असतं. इथे छायाचित्रकार, निर्मिती विभाग, लॅब, दिग्दर्शक, सगळ्यांचाच वाटा निघतो. एकट्या रेरबर्ग यांच्या गळ्यात घोंगडं घालणं मलाही पटत नाही.

आमच्याकडे एकदा भर लग्नसराईत वीज गेली आणि जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही. मशीनमध्ये होते ते रोल डेव्हलपरमध्येच अडकले. त्यात एका लग्नाचे रोल होते. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळ्या पट्ट्या काळ्याकुट्ट. मुलीचे वडील आले, ओरडले नाहीत. निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरून एकेक चौकट बघत राहिले आणि म्हणाले, “यातलं एकही निघणार नाही का हो?” मालकांनी नवे रोल दिले, धुलाईचे पैसे परत केले. आमची जबाबदारी तेवढीच, हे पाकिटावर छापलेलंच असायचं. तार्कोव्हस्कीला दुसऱ्यांदा शूट करता आलं. ‘वाया गेलं ते बरंच झालं’ असं कोणी म्हणालं की मला ते वडील दिसतात.

खंडेराव

फिल्मवाले काका, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो थोडा वेळ.

तरीही बाजवाडाकरांशी मी पूर्ण सहमत नाही. दिग्दर्शकाला आपला सिनेमा चुकतोय असं वाटलं तर तो थांबवायचा अधिकार त्याला आहेच. झटका आल्यावर तार्कोव्हस्कीला कोणीही सोडून द्यायला सांगितलं असतं. सरकारी खात्याला ते प्रकरण बुडीत खाती टाकणं सोपं होतं. तो परत त्याच नदीवर गेला. आणि दुसऱ्या स्टॉकरशिवाय हा सिनेमा उभा राहतो का सांगा. स्टॉकर झालेल्या कायदानोव्स्कीचं ते कातरलेलं डोकं, झोनमध्ये पोचल्या पोचल्या गवतात पालथं पडून राहणं, शेवटी घरी येऊन ‘कोणाचाच विश्वास उरला नाही’ म्हणून रडणं. दांडगट माणसाला ते रडू शोभलं नसतं. बायकोचं, अलिसा फ्रेइंडलिखचं, कॅमेऱ्याकडे थेट बघून बोलणं तर मला आख्ख्या सिनेमाच्या वरचं वाटतं. ती म्हणते की दुःख झालं पण पस्तावा नाही. माझ्या आजीसारख्या किती बायका मी आमच्या वाड्यात बघितल्या, त्यांना हे कोणी विचारलंच नाही.

रेरबर्गवर अन्याय झाला असेल. पण सिनेमा अपघातामुळे मोठा झाला नाही, दिग्दर्शकाने नव्याने विचार केला म्हणून झाला. यात त्याचं श्रेय का कापायचं?

रसायनशाळा

आजारांच्या मुद्द्यावर लिहिते. माझं काम पाण्याचे नमुने तपासण्याचं.

ही गोष्ट मुख्यतः ध्वनिमुद्रणकार व्लादिमीर शारून यांच्या सांगण्यातून आली. नदीच्या वरच्या अंगाला रासायनिक कारखाना होता, तो विषारी पाणी सोडायचा. सिनेमात उन्हाळ्यात बर्फासारखं जे उडताना दिसतं आणि पाण्यावर जो पांढरा फेस वाहतो तो त्याचाच, असं ते म्हणतात. युनिटमधल्या बायकांच्या चेहऱ्यावर ॲलर्जी उठली होती. पुढे लेखकाचं काम करणारे सोलोनित्सिन १९८२ मध्ये गेले, तार्कोव्हस्की १९८६ मध्ये पॅरिसमध्ये, त्यांच्या पत्नी लारिसा १९९८ मध्ये. शारून हे सगळे मृत्यू त्या जागेशी जोडतात.

माझं मत असं. फेसावरून विष ठरत नाही. साबणासारखी द्रव्यं असली की फेस येतो, कुजलेल्या पानांमुळेही येतो. आणि फेस नाही म्हणजे पाणी चांगलं, असंही नाही. दुसरं, फुप्फुसाचा कर्करोग विषारी द्रव्याच्या संपर्कानंतर लगेच होत नाही, बहुतेक वेळा दहा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त काळ मध्ये जातो. शूटिंग १९७७-७८चं आणि सोलोनित्सिन गेले १९८२ मध्ये. हे अंतर फार कमी आहे. तीन माणसांवरून कारण सिद्ध होत नाही. हेच मी कोर्टातही सांगेन.

पण चेहऱ्यावर उठलेली ॲलर्जी मी गंभीरपणे घेईन. ते लगेच दिसणारं लक्षण आहे, पाण्यात किंवा हवेत त्वचेला झोंबणारं काहीतरी होतं याचं. आणि सिनेमात नट त्या पाण्यात उभे आहेत, आडवे झोपलेत, भिजून तसेच बसलेत. दिग्दर्शक स्वतःही त्यातच. त्याने इतरांना पाठवून स्वतः काठावर बसायचं केलं नाही, हे खरं. तरी युनिटच्या एखाद्या मदतनीस पोरीला ‘मी या पाण्यात उतरत नाही’ म्हणता आलं असतं का, हा माझा प्रश्न आहे. मृत्यूंच्या दंतकथेत हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वडोदऱ्यात राहून ही दृश्यं मला परकी वाटत नाहीत. आपल्या औद्योगिक पट्ट्याचं सांडपाणी वाहून नेणारा कालवा १९८३ पासून चालू आहे, सुमारे ५५ किलोमीटर लांब, जंबुसर तालुक्यात सारोदजवळ खंभातच्या आखातात सुटतो. वाटेतल्या कोरड्या गावांतले शेतकरी त्याच पाण्यावर पिकं घेत आलेत. नमुना घेताना आम्ही बाटली आधी त्याच पाण्याने विसळतो, सीओडीसाठी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं एक माप) असेल तर सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकून बर्फाच्या पेटीत ठेवतो, हातात मोजे, नाकावर मास्क. शेजारच्या बांधावर माणूस अनवाणी पाणी वळवत असतो. त्याच्यावर कोणी सिनेमा काढलेला नाही, म्हणून त्याची दंतकथाही झाली नाही.

नॅरोगेज

ताई, +१. तुमचा प्रतिसाद वेगळ्या धाग्याचा विषय आहे, जरूर काढा.

मी ध्वनीबद्दल सांगतो. तिघे जण पहारा चुकवून रुळांवरच्या मोटरट्रॉलीवर बसून झोनमध्ये जातात. काही मिनिटं फक्त त्यांची डोकी दिसतात, मागचा परिसर धूसर. माझे वडील प्रतापनगरला रेल्वेत होते, लहानपणी मी डभोईच्या बाजूला ट्रॉलीवर बसलोय. (गायकवाडांची ही लाइन १८६२ मध्ये डभोई ते मियागाम सुरू झाली तेव्हा बैल गाडी ओढायचे, हे इथल्या किती जणांना माहीत आहे कोण जाणे.) रुळांच्या सांध्यावर चाक आलं की ‘खटक-खट’ होतं. फिशप्लेटने जोडलेल्या जुन्या रुळांवर तो ठेका इतका नियमित असतो की थोड्या वेळाने कान तो ऐकणं सोडून देतो आणि डोळे आपोआप जड होतात. सिनेमाचे संगीतकार आर्तेम्येव यांनी नेमकं तेच पकडलंय. सुरुवातीला खरा खटका, मग त्यात हळूहळू सिंथेसायझरचा नाद मिसळतो, आणि आपल्याला कळायच्या आत खरा आवाज निघून गेलेला असतो. मग एकदम रंग येतो. झोनची हद्द कुठे ओलांडली ते दाखवायला पाटी लागत नाही.

शीर्षकसंगीतही हेडफोन लावून ऐका. त्यात अझरबैजानी ‘तार’ हे वाद्य आहे, खाली सतत धरलेला सूर. आपल्या कानाला तंबोऱ्याची सवय, त्यामुळे ते लगेच जवळचं वाटतं.

बाजवाडाकर

सगळ्यांचे आभार. फिल्मवाले काका आणि रसायनशाळा ताई, तुम्ही दोघांनी धागा माझ्या लेखापेक्षा पुढे नेलात.

खंडेराव, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि त्याचं श्रेय मला कापायचं नाहीच. अधिकार दिग्दर्शकाचा, मान्य. पण ‘मला हा सिनेमा पटत नाही, मी नव्याने करतो’ असं म्हणणं वेगळं आणि ‘छायाचित्रकाराने घाण केली’ म्हणणं वेगळं. रेरबर्ग यांचं पटकथेवरूनही पटत नव्हतं आणि ते बोलून दाखवायचे. अशा माणसाला काढायला खराब निगेटिव्हचं निमित्त सोयीचं होतं, असं माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. २००९ मध्ये इगोर मायबोरोदा यांनी रेरबर्ग यांच्या बाजूने या प्रकरणावर लांबलचक माहितीपट केला. एकतर्फी आहे, पण इतकी वर्षं दुसरी बाजू एकतर्फीच ऐकली गेली होती. संकलक ल्युदमिला फेइगिनोवा यांनी पहिल्या शूटिंगचा भाग घरी जपून ठेवला होता आणि त्यांच्या घराला लागलेल्या आगीत त्यांच्यासह तोही गेला, असं सांगतात. त्यामुळे ती फिल्म खरंच किती खराब होती हे आता कोणालाही पडद्यावर दाखवता येणार नाही.

आणि लॅबच्या माणसांबद्दल. दादासाहेब फाळके आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकून गेले म्हणून आपण अभिमानाने सांगतो. फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, रात्री निगेटिव्ह धुणं हे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं, तेव्हा कुठे १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. अंधाऱ्या खोलीतल्या हातांची नावं आपणही घेत नाही. मॉस्कोच्या मोसफिल्म स्टुडिओतल्या त्या लॅब-ऑपरेटरांची नावं तर कोणीच लिहून ठेवली नाहीत.

खंडेराव

‘निमित्त सोयीचं होतं’ हे तुमचं अनुमान, पुरावा नव्हे. माहितीपट मी बघितलेला नाही, बघून सांगतो. मतभेद कायम, पण सरस्वतीबाईंच्या परिच्छेदाला माझा नमस्कार.

अर्धविराम

पुस्तकवेडी, उत्तर पटलं. माझा दुसरा प्रश्न राहिला, सिनेमा कुठे बघू? आणि घाबरू नका, या वेळी सोडणार नाही.

बाजवाडाकर

मोसफिल्मने स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर ठेवलाय, सबटायटल्ससकट, दोन भागांत. मोबाइलवर नको, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर आणि रात्री, घरातले झोपल्यावर बघ. पण माझं ऐकशील तर आधी ‘मिरर’ बघ. सुरुवातीलाच कुंपणावर बसलेल्या बाईशी बोलून एक अनोळखी डॉक्टर निघतो आणि शेतातून वाऱ्याची लाट येते, त्याला थांबवते, तो वळून बघतो. तो कॅमेरा रेरबर्ग यांचा. हे एकदा डोळ्यांत बसलं की मग ‘स्टॉकर’ लाव आणि कोणाचं चुकलं यावर तुझं मत इथे लिही. खंडेरावांच्या बाजूने झालं तरी चालेल.